प्रिंटरची सेटिंग टिकत का नाही, आणि ती नेमकी कुठे बदलायची

कागदाचं माप ए४ केलं, ओके दाबलं, आणि पुढच्या वेळी प्रिंट काढताना परत लेटर. अशी तक्रार येते तेव्हा प्रिंटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो; सेटिंग भलत्याच खिडकीत बदललेली असते. विंडोजमध्ये कागदाच्या मापासारखी एकच गोष्ट चार जागी ठरवता येते आणि प्रत्येक जागेचा अंमल वेगळ्या हद्दीपर्यंत चालतो.

पहिली जागा म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून प्रिंट देतो त्याची खिडकी, कंट्रोल-पी दाबल्यावर येते ती. इथला बदल त्या फाइलपुरता, फार तर तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत. दुसरी जागा ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, मग प्रिंटरच्या नावावर क्लिक केलं की ती दिसते. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, प्रिंटरचं नाव, मॅनेज. इथला बदल कायम राहतो, पण फक्त तुमच्या लॉगिनसाठी. तिसरी जागा जरा आत दडलेली आहे. त्याच पानावरून ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर जा, तिथे खाली ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ हे बटण सापडेल. उघडणारी खिडकी हुबेहूब प्रेफरन्सेससारखी दिसते, गोंधळ होतो तो त्यामुळेच. पण ही त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या लॉगिनांची मूळ सेटिंग आहे आणि ती बदलायला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. चौथी जागा खुद्द प्रिंटरमध्ये: पॅनेलवरचा मेन्यू, किंवा नेटवर्कवरचा प्रिंटर असेल तर ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकल्यावर उघडणारं त्याचं स्वतःचं पान.

सेटिंग तिसऱ्या जागेतून दुसरीत आणि दुसरीतून पहिलीत उतरते, आणि शेवटचा शब्द पहिलीचा असतो. एखाद्या लॉगिनने आपल्या प्रेफरन्सेस एकदा स्वतः बदलल्या की तिसऱ्या जागेतला नंतरचा बदल त्याच्यापर्यंत पोचत नाही. ऑफिसात एका टेबलावर ए४ आणि शेजारच्या टेबलावर लेटर निघतं ते यामुळे. घरी एकट्याचा कॉम्प्युटर असेल तर दुसरी जागा पुरते. सायबर कॅफे, सेवा केंद्र, शाळेचं ऑफिस अशा ठिकाणी आधी प्रिंटिंग डिफॉल्ट्स लावा, मग प्रत्येक लॉगिनच्या प्रेफरन्सेस तपासा.

काही फाइली मात्र आपली सेटिंग बरोबर घेऊन फिरतात. वर्डमध्ये कागदाचं माप फाइलच्या आत साठवलेलं असतं. एक्सेल त्याच्याही पुढे जातं: प्रत्येक शीटची पेज सेटअप वेगळी, आणि ज्या प्रिंटरवर ती लावली त्याच्या ड्रायव्हरची (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंगही वर्कबुकमध्ये जाऊन बसते. त्यामुळे दुसऱ्या ऑफिसातून आलेल्या वर्कबुकची पहिली शीट ए४ आणि तिसरी लेटर निघू शकते. उपाय असा: खालच्या शीट-टॅबवर राइट क्लिक करून ‘सिलेक्ट ऑल शीट्स’ करा, पेज सेटअपमधून माप, दिशा आणि स्केल एकदम लावा, आणि लगेच ‘अनग्रुप शीट्स’ करा. हे शेवटचं विसरलात तर पुढे एका शीटमध्ये टाइप केलेलं सगळ्या शीटमध्ये उमटेल. एक्सेलच्या पेज सेटअपमध्ये शीट टॅबवर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ अशी टिकही असते. रंगीत प्रिंटरवर एकच शीट काळी-पांढरी येत असेल तर आधी तिथे पाहा.

सेटिंगला हात लावण्याआधी एक टिक काढून टाका. प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ असं लिहिलेलं असतं. ते चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर विंडोज आपोआप डिफॉल्ट करतं. एकदा ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ वापरलं की पुढची प्रिंट कागदावर येतच नाही, फाइल कुठे सेव्ह करायची ते विचारते. टिक काढा, आपल्या प्रिंटरवर क्लिक करून ‘सेट ॲज डिफॉल्ट’ करा.

ए४, लेटर, लीगल आणि बाकीचे

ए४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. लेटर म्हणजे २१५.९ × २७९.४. लेटर हा अमेरिकेचा कागद, आपल्याकडे त्याचं रिम सहसा कोणी विकत घेत नाही, तरी बरेच ड्रायव्हर तोच मूळ धरून येतात, विशेषतः विंडोज बसवताना रीजन अमेरिकेचं राहिलं असेल तर. ड्रायव्हर लेटरवर आणि फाइल ए४ची असेल तर उंचीत १७.६ मिलिमीटरची तूट पडते. पानाच्या तळाच्या दोन-तीन ओळी, पान क्रमांक, सहीची जागा नेमकी तेवढीच कापली जाते. उलट प्रकारही होतो: फाइल लेटरची, प्रिंटरमध्ये ए४, आणि ज्याच्या पॅनेलवर ट्रेचं माप ठरवता येतं असा प्रिंटर नारंगी दिवा लुकलुकवत लेटर कागदाची वाट बघत बसतो. कागद भरलेला असूनही ‘पेपर लोड करा’ असा निरोप आला तर ट्रेमधला कागद परत परत काढून घालण्यात अर्थ नसतो; ड्रायव्हर आणि ट्रे यांची मापं जुळवावी लागतात.

वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, खाली प्रिंट या भागात ‘स्केल कंटेंट फॉर ए४ ऑर ८.५ × ११ इंच पेपर साइझेस’ अशी टिक असते. ती चालू असली की वर्ड लेटरची फाइल ए४ वर गुपचूप बसवून घेतं. पत्र, अर्ज यांना ती सोयीची. रकाने मोजून आखलेल्या फॉर्मवर छापायचं असेल तर बंद करा.

लीगल म्हणजे २१५.९ × ३५५.६ मिलिमीटर. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० पासून ए४ आणि दोन्ही बाजूंनी छपाई सुरू केली, तरी वकिलांच्या आणि दस्तलेखकांच्या टेबलावर लीगल आणि हिरवा लेजर कागद अजून दिसतो. फुलस्केपचं दुखणं वेगळं. बाजारात या नावाने मिळणारा कागद प्रत्येक दुकानात सारखाच असेल असं नाही, तेव्हा आधी पट्टीने मोजा. स्टॅम्प पेपरचंही तसंच. ८.५ × १३ इंच असेल तर २१५.९ × ३३०.२ मिलिमीटर. हे माप यादीत नसेल तर प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडा, फॉर्म्स टॅबवर ‘क्रिएट अ न्यू फॉर्म’ला टिक करा, नाव द्या, रुंदी आणि उंची भरा, ‘सेव्ह फॉर्म’. यादीत ते तेव्हाच दिसतं, जेव्हा माप त्या प्रिंटरच्या किमान-कमाल मर्यादेत बसतं. बहुतेक इंकजेट ड्रायव्हरांत मापाच्या यादीच्या तळाशी ‘यूझर डिफाइन्ड’ किंवा ‘कस्टम’ असतंच, तिथे भरलं तरी चालतं.

स्टॅम्प पेपरवर छापताना वरच्या छापील भागाची उंची मोजून वर्डचा वरचा समास त्यापेक्षा १० मिलिमीटर जास्त ठेवा, आणि हा समास फक्त पहिल्या पानाला लागावा म्हणून पहिल्या पानानंतर ‘सेक्शन ब्रेक’ टाका. आधी साध्या कागदावर एक प्रिंट काढा, स्टॅम्प पेपरवर ठेवून उजेडाकडे धरा. खरा कागद घालताना तो पालथा की उताणा आणि वरची कड कुठे, हे ठरवायला साध्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करून एक पान छापून पाहणं एवढीच खात्रीची रीत आहे. प्रिंटरवरची चित्रं बघून अंदाज बांधणाऱ्यांचे स्टॅम्प पेपर वाया जातात.

दुकानातल्या डॉट मॅट्रिक्सवर हीच चूक फार ठळक दिसते. कंटिन्युअस स्टेशनरी (सलग जोडलेला, छिद्रांच्या रेषेवर फाडायचा कागद) १० × १२ इंची, आणि ड्रायव्हर ११ इंची लेटरवर. पहिलं बिल नीट, दुसरं छिद्रांच्या रेषेच्या एक इंच अलीकडे सुरू, तिसरं दोन इंच. वरच्यासारखाच २५४ × ३०४.८ मिलिमीटरचा फॉर्म तयार करून लावला की घसरण थांबते. पण टॅलीतून ‘डॉट मॅट्रिक्स’ फॉरमॅटमध्ये प्रिंट दिली तर नुसता मजकूर जातो आणि पानाची लांबी प्रिंटर स्वतःच्या सेटिंगप्रमाणे धरतो. तेव्हा विंडोजमध्ये कितीही बदललं तरी फरक पडणार नाही; प्रिंटरच्या सेटअप मोडमध्ये जाऊन पेज लेंग्थ १२ इंच करावी लागते.

फिट, ॲक्चुअल साइझ आणि दुहेरी आकुंचन

कुठलाही साधा प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही. बऱ्याच लेझर प्रिंटरांत चारही बाजूंना सुमारे ४.२ मिलिमीटर सुटतात, बऱ्याच इंकजेटमध्ये ३ मिलिमीटर. ‘फिट’ निवडलं की सगळं पान या आतल्या चौकटीत बसवलं जातं. ए४च्या रुंदीवर लेझरमध्ये २१० चे २०१.६ होतात, म्हणजे ९६ टक्के. इंकजेटमध्ये २०४, म्हणजे ९७ टक्के. पत्रात हे कळतही नाही. ई-आधार कापून लॅमिनेट करायचं असेल, ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो हवा असेल, स्टिकरच्या तयार शीटवर पत्ते छापायचे असतील, शिवणकामाचा कागदी नमुना काढायचा असेल, तिथे चार टक्के म्हणजे वाया गेलेलं काम. स्टिकरच्या शीटवर वरची ओळ जागेवर असते आणि तळाशी जाईपर्यंत मजकूर एक सेंटिमीटरहून जास्त सरकलेला असतो.

पीडीएफ रीडरमध्ये ‘ॲक्चुअल साइझ’ निवडा, क्रोममध्ये मोअर सेटिंग्ज उघडून स्केल ‘डिफॉल्ट’ ऐवजी ‘कस्टम’ आणि १००. मग ड्रायव्हरच्या खिडकीत जाऊन तिथलं स्केलिंग बंद आहे ना ते पाहा. खात्री करायला वर्डमध्ये १०० मिलिमीटर लांबीची रेघ काढा, फाइल पीडीएफ करा, छापा आणि पट्टीने मोजा. १०० आली तर सगळं बरोबर. ९६-९७ आली तर कुठेतरी एकदा ‘फिट’ चालू आहे. ९२-९४ आली तर दोन ठिकाणी आहे, रीडरमध्येही आणि ड्रायव्हरमध्येही.

हे दुहेरीपण सगळ्याच मांडणीच्या सेटिंगला लागू आहे. एका कागदावर दोन पानं हवीत म्हणून रीडरमध्ये ‘मल्टिपल’ २ लावलं, आणि ड्रायव्हरमध्ये ‘टू-अप’ आधीच लावून ठेवलेलं असेल, तर एका कागदावर चार पानं येतात आणि भिंग शोधावं लागतं. बुकलेटचंही तसंच. मांडणीचं काम, म्हणजे स्केल, पानं-प्रति-कागद, बुकलेट, हे प्रोग्रॅमच्या खिडकीत करावं, कारण तिथे आधी दिसतं. कागदाचा प्रकार, दर्जा, टोनर, ट्रे हे ड्रायव्हरमध्ये. प्रेफरन्सेसमध्ये मांडणी कायमची लावून ठेवणं ही सवय मोडलेली बरी.

मराठी मजकूर छापताना

टोनर सेव्ह, इकोनोमोड किंवा ड्राफ्ट चालू करून इंग्रजी मजकूर फिकट पण वाचण्याजोगा येतो. देवनागरीचं तसं होत नाही. टोनर वाचवायला ड्रायव्हर अक्षरांतले ठिपके गाळतो, आणि शिरोरेषा बारीक असल्याने ती तुटक येते. ९-१० पॉइंटला अनुस्वार उडतात, ‘ब’च्या पोटातली रेघ उडून तो ‘व’ होतो. ‘पंत’ आणि ‘पत’ यांतला फरक एका ठिपक्याचा आहे, आणि अर्जात तो चालत नाही. मराठीसाठी ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), टोनर सेव्ह बंद, अक्षर ११ पॉइंट किंवा मोठं. टोनर वाचवायचाच असेल तर डेन्सिटी (छपाईचा गडदपणा) एक घर खाली घ्या, त्यात अक्षराचा आकार शाबूत राहतो. डेन्सिटी बहुतेक लेझर ड्रायव्हरांत १ ते ५ अशी असते आणि ३ ही मधली. रिफिल केलेलं कार्ट्रिज फिकट आलं म्हणून थेट ५ वर नेऊ नका. पावडर हलकी असेल तर पानभर राखाडी छटा येते आणि वेस्टचा कप्पा लवकर भरतो.

फॉन्टचा घोळ निराळा. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट विंडोज १० आणि ११ मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक फीचरमध्ये गेले आहेत. नव्या कॉम्प्युटरवर ते नसतील तर मंगलमध्ये टाइप केलेली फाइल निर्मला यूआयमध्ये दिसते. अक्षरं वाचता येतात, पण ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि दोन पानांचा अर्ज तीन पानांचा होतो. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा, तिथून हे फीचर जोडा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल असेल आणि तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. अशी फाइल छापायला दुसरीकडे न्यायची असेल तर जिथे फॉन्ट आहे तिथेच पीडीएफ करा. रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स या टॅबवर फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ असं दिसलं की काम झालं.

पडद्यावर पीडीएफ नीट दिसते आणि कागदावर जोडाक्षरं फुटतात, चौकोन येतात, वेलांटी सरकते, तर रीडरच्या प्रिंट खिडकीतलं ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रिंट ॲज इमेज’ला टिक करा आणि ३०० डीपीआय ठेवा. मग पानाचं चित्र कॉम्प्युटरच तयार करतो, ड्रायव्हर फॉन्टला हात लावत नाही. वेळ थोडा जास्त लागतो. ६०० केलं तर जुन्या कॉम्प्युटरवर तीस पानांची फाइल चहा होईपर्यंत निघत नाही, आणि साध्या मजकुराला त्याची गरजही नसते.

कागदाचा प्रकार आणि पावसाळा

‘पेपर टाइप’ ही सेटिंग लोक सर्वांत जास्त दुर्लक्षित ठेवतात, आणि छपाईवर सर्वांत जास्त परिणाम तिचाच होतो. लेझरमध्ये ती फ्यूजरचं (टोनर तापवून कागदावर चिकटवणाऱ्या भागाचं) तापमान आणि कागदाचा वेग ठरवते. ७०-७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाच्या) साध्या कागदाला ‘हेवी’ लावलं तर कागद गुंडाळून बाहेर येतो. जाड कार्डाला ‘प्लेन’ ठेवलं तर टोनर नीट भाजला जात नाही, बोटाने घासल्यावर काळं निघतं. असं झालं की फ्यूजर गेला म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी ही सेटिंग बदलून पाहा.

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबरमध्ये उघडं रिम हवेतली ओल शोषून घेतं. ओला कागद फ्यूजरमधून जाताना वाफ सुटते. कागद वळतो, सुरकुततो, अडकतो, आणि टोनर नीट न चिकटल्याने मधेच फिकट पट्टे येतात. कागद वळत असेल तर पेपर टाइप एक घर हलका लावा. कॅननच्या एलबीपी २९०० मध्ये, जो आपल्याकडे दर दुसऱ्या ऑफिसात सापडतो, ‘प्लेन पेपर एल’ असा पर्याय कागद वळण्यासाठीच दिलेला आहे. बाकी ड्रायव्हरांत ‘लाइट’ किंवा ‘थिन’ नावाने मिळतो. आणि ट्रेमध्ये एका दिवसापुरताच कागद ठेवा, उरलेलं रिम वेष्टनात बंद.

इंकजेट आणि इंक टँकमध्ये पेपर टाइप शाईचं प्रमाण ठरवतो. ग्लॉसी कागद घालून ‘प्लेन’ ठेवलं तर रंग मेलेले आणि आडव्या रेघा. साध्या कागदाला ‘ग्लॉसी’ लावलं तर कागद भिजून लाटा येतात आणि मागे शाई उमटते. जाड पाकिटावर कडेला शाई फासली जात असेल तर एप्सनच्या ड्रायव्हरात मेंटेनन्स टॅबवर ‘एक्स्टेंडेड सेटिंग्ज’मध्ये ‘थिक पेपर अँड एन्व्हलप्स’ आहे. त्याने हेड (शाई सोडणारा भाग) आणि कागद यांच्यातलं अंतर वाढतं. काम झालं की टिक काढा, नाहीतर साध्या कागदावरची अक्षरं किंचित पसरट येतात. उभ्या रेघा दुहेरी दिसत असतील तर आधी ‘प्रिंट हेड अलाइनमेंट’ करा. तेवढ्याने भागलं नाही तर ‘हाय स्पीड’ किंवा ‘बायडायरेक्शनल’ बंद करा. आणि नॉझल चेकची (शाईची छिद्रं तुंबली आहेत का ते दाखवणारी) प्रिंट न बघता हेड क्लीनिंग करू नका. प्रत्येक क्लीनिंगची शाई वेस्ट पॅडमध्ये जाते आणि पॅड भरला की प्रिंटर थांबतो.

‘ग्रेस्केल’ म्हणजे फक्त काळी शाई, असा समज आहे. तसं नसतं, दर्जासाठी रंगीत शायाही मिसळल्या जातात. एचपीच्या ड्रायव्हरात ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट इन ग्रेस्केल’ला ‘ब्लॅक इंक ओन्ली’ असा वेगळा पर्याय असतो. रंगीत शाई वाचवायची तर तो निवडा.

दोन्ही बाजूंनी

प्रिंटरला डुप्लेक्स (आपोआप दोन्ही बाजूंनी छापायची सोय) आहे पण पर्याय करडा दिसतो, दाबता येत नाही, तर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘डिव्हाइस सेटिंग्ज’ टॅबवर जा. तिथे ‘डुप्लेक्स युनिट’पुढे ‘नॉट इन्स्टॉल्ड’ असतं, ते ‘इन्स्टॉल्ड’ करा. ड्रायव्हर नेटवर्कवरून बसवला की ही चूक बऱ्याचदा होते. उभ्या पानाला ‘लाँग एज’, आडव्या पानाला ‘शॉर्ट एज’. उलटं झालं तर मागचं पान डोक्यावर उभं राहतं.

डुप्लेक्स नसेल तर आधी विषम पानं, मग सम. सात पानांची फाइल असेल तर विषम पानांचे चार कागद निघतात आणि सम पानं तीनच. सम पानं उलट्या क्रमाने छापणार असाल तर सातव्या पानाचा कागद बाजूला काढून ठेवा, नाहीतर त्याच्या पाठीवर सहावं पान येतं आणि पुढचं सगळं एकाने सरकतं. लेझरमधून निघालेले कागद गरम आणि किंचित वळलेले असतात. मिनिटभर थांबून, गठ्ठा उलटा वाकवून सरळ करून मगच ट्रेमध्ये घाला.

प्रिंट जातच नाही तेव्हा

यूएसबीचा प्रिंटर एका सॉकेटमधून काढून दुसऱ्यात लावला की विंडोज कधी कधी त्याला नवा प्रिंटर समजतं आणि नावापुढे ‘कॉपी १’ लावून दुसरी नोंद करतं. जुन्या नोंदीवर दिलेली प्रिंट पडून राहते. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅबवर जा. यूएसबी००१ ऐवजी यूएसबी००२ ला टिक केली की जुनीच नोंद चालू होते आणि तुमच्या सगळ्या सेटिंग शाबूत राहतात. मग ‘कॉपी १’ काढून टाका.

वायफायच्या प्रिंटरचं ‘ऑफलाइन’ हे दुखणं वीज जाऊन आल्यावर हमखास दिसतं. राउटर नव्याने सुरू होतो, प्रिंटरला वेगळा आयपी पत्ता देतो, आणि कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतो. राउटरच्या पानावर प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.२००, आणि पोर्ट्स टॅबवर ‘ॲड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ त्याच पत्त्यावर बनवा. पत्ता बरोबर असूनही ऑफलाइन दिसत असेल तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची टिक काढा. एसएनएमपी म्हणजे विंडोजने प्रिंटरकडे केलेली अवस्थेची चौकशी; तिला प्रिंटर उत्तर देत नसेल तर विंडोज त्याला बंद समजतं. आणि नवा राउटर घेतल्यावर प्रिंटर वायफायला जोडलाच जात नसेल तर पाहा: बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात.

रांगेत अडकलेली प्रिंट ‘डिलिटिंग’ म्हणत तशीच बसली तर सर्व्हिसेसच्या खिडकीत ‘प्रिंट स्पूलर’ (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली काढा (फोल्डर ठेवा), स्पूलर परत सुरू करा. पानं अर्धवट किंवा भलत्या मांडणीत येत असतील तर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्ड टॅबवरचं ‘एनेबल ॲडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स’ बंद करून पाहा.

मॅकवर हा पसारा कमी आहे: प्रिंटच्या खिडकीत हवी ती सेटिंग लावून ‘प्रीसेट’ म्हणून सेव्ह करा. नेहमीच्या कामांना नाव दिलेले दोन-तीन प्रीसेट पुरतात. लिनक्सवर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ६३१ पोर्टवर कप्स या छपाई-व्यवस्थेचं पान उघडतं, तिथे प्रिंटरखाली ‘सेट डिफॉल्ट ऑप्शन्स’ हीच विंडोजमधल्या तिसऱ्या जागेची जोडी.

टॅबच दिसत नसतील तर

वर सांगितलेली डेन्सिटी, मेंटेनन्स, हाताने दोन्ही बाजू छापणं, यांतलं काहीच तुमच्या खिडकीत नसेल तर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर ड्रायव्हरचं नाव वाचा. ‘मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर’ असेल तर विंडोजने आपला सामान्य ड्रायव्हर बसवला आहे. तो छापतो, पण त्या मॉडेलच्या खास सेटिंग बहुतेक दाखवत नाही. कंपनीच्या साइटवरून पूर्ण ड्रायव्हर उतरवून बसवा. यूएसबीचा प्रिंटर असेल तर केबल इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच जोडा.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं की कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबणार. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ अशी सोय प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर आली आहे. ती चालू केली की कंपनीचे ड्रायव्हर काढले जातात आणि आयपीपी (छपाईची प्रमाण पद्धत) न जाणणारे जुने प्रिंटर यादीतून नाहीसे होतात. एलबीपी २९०० किंवा लेझरजेट १०२० सारखा नुसत्या यूएसबीवर चालणारा प्रिंटर असेल तर या बटणाला हात लावू नका. चुकून लागला तर त्याच जागी तो मोड बंद करून ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागतो, तेव्हा इन्स्टॉलरची फाइल एका पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा.